छान दिसतंय की!

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा हसूच आलं. मी कॉन्व्हेंटची. के.जी.पासून दहावीपर्यंत मराठी म्हणजे टाइमटेबलमधला एक तास. माझी वेलांटी पहिली की दुसरी, हे अजूनही टॉस करून ठरतं! तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या लाइनीतला आहे, लेन्स. निदान लिहायला बसले तेव्हा तरी तो लेन्सपुरताच होता.

गोष्ट सुरू होते २०२४ च्या गणेशोत्सवात. आमच्या लेडीज होस्टेलने एकांकिका बसवली होती. दीड महिना तालमी चालल्या. रात्री मेस बंद झाली की टेबलं बाजूला सारून स्टेज व्हायचं. मला अभिनय येत नाही, गाता येत नाही. त्यामुळे माझ्याकडे आलं व्हिडिओ शूटिंग. मी फोटोग्राफी क्लबची मेंबर, म्हणजे माझी निवड बिनविरोध. क्लबकडे नुकताच नवीन कॅमेरा आला होता. फोर के रेकॉर्डिंग! मी सगळ्यांना सांगत सुटले, "यार, फोर के आहे, पापण्यासुद्धा मोजता येतील."

हॉलच्या शेवटच्या रांगेत मी ट्रायपॉड लावला. तिथून चेहरे जवळ आणायला मोठा झूम हवा. क्लबच्या कपाटात चामड्याच्या केसमध्ये एक जुनी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स पडून होती. ती काढली, रुमालाने पुसली, बसवली. २५ फ्रेम्स, शटर एक छेद पन्नास, सगळं पुस्तकातल्यासारखं. शेवटच्या प्रसंगात आईचं काम करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. मी झूम पूर्ण ३०० पर्यंत नेला आणि तो चेहरा पकडला. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर काय सॉलिड दिसत होतं! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी रात्री कॉमन रूमच्या मोठ्या टीव्हीवर लावलं आणि... बोंबला. चेहऱ्यांवर कुणीतरी दुधाची साय पसरावी तसं सगळं. काळा पडदा काळा नाही, राखाडी. पांढऱ्या पातळाच्या काठाला जांभळी कड. आणि त्या शेवटच्या प्रसंगात पापण्या सोडाच, डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात तेच कळेना. कोणी काही बोललं नाही, हे जास्त वाईट होतं. आमची दिग्दर्शिका फक्त म्हणाली, "असू दे गं, आवाज चांगला आलाय." दीड महिन्याच्या तालमी, एकच प्रयोग, आणि त्याची एकमेव आठवण माझ्यामुळे धुक्यात गेली होती.

त्या रात्री मी लॅपटॉपवर बसले. एडिटिंगमध्ये 'शार्पन'चा स्लायडर असतो, तो पुढे ढकलला. डोळे काही सापडले नाहीत, उलट प्रत्येक चेहऱ्याभोवती पांढरी रेघ उमटली, कॅलेंडरातल्या देवांसारखी. मग एआयवालं एक सॉफ्टवेअर चालवलं. त्याने डोळे दिले, पापण्याही दिल्या. एकदम रेखीव. फक्त ते डोळे आमच्या मैत्रिणीचे नव्हते! कुठल्या तरी भलत्याच बाईचे डोळे तिच्या चेहऱ्यावर चिकटवलेले. रूममेट घाबरून म्हणाली, "बंद कर ते, भूत वाटतंय."

शेवटी कॅमेरा घेऊन लॅबमध्ये सरांकडे गेले. सरांना फोटोग्राफीचा नाद आहे. मी म्हटलं, "सर, कॅमेऱ्यात काहीतरी फॉल्ट आहे." सर म्हणाले, "कॅमेरा ठेव बाजूला. आधी लेन्स दाखव." त्यांनी लेन्सच्या मागून मोबाइलची बॅटरी मारली आणि पुढून मला बघायला लावलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक तंतू पसरलेले. बुरशी! पावसाळ्यात भाकरीला धरते तशी काचेलाही धरते, हे मला तेव्हा कळलं. आमचं कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून, त्यात ओल धरणारी चामड्याची केस, म्हणजे बुरशीला जावयासारखी बडदास्त. काचेवर पडणारा प्रकाश सरळ आत जायच्या ऐवजी त्या तंतूंवर आपटून चहूकडे विखुरतो आणि सगळ्या चित्रावर पांढुरका थर चढतो. म्हणून काळा पडदा राखाडी.

मी वाद घातला. "पण सर, फोर के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीच्या चौपट. काहीतरी फायदा व्हायला नको?"

सरांनी फळ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढल्या. आधी रुंद, मग बारीक, मग आणखी बारीक. म्हणाले, "रुंद पट्ट्या म्हणजे लो फ्रिक्वेन्सी, बारीक पट्ट्या म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी. कुठलीही लेन्स पट्ट्या जसजशा बारीक होतील तसतसा त्यांचा कॉन्ट्रास्ट कमी करत जाते. शेवटी काळं-पांढरं एकमेकांत मिसळून नुसतं करडं उरतं. तू ई अँड टीसीची ना? मग सांग, हे काय झालं?"

"लो पास फिल्टर," मी म्हटलं.

"आणि फिल्टरने मारलेला सिग्नल पुढे जास्त बिट्सचा एडीसी लावून परत येतो का?"

नाही येत. सेकंड इयरला हेच लिहून मी मार्क मिळवले होते. पण काचेचा एक गोल तुकडा म्हणजेसुद्धा फिल्टर, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. सरांचं वाक्य मी जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: "जे आत आलंच नाही, ते बाहेर कुठून काढशील?"

याला एमटीएफ म्हणतात, मॉड्युलेशन ट्रान्सफर फंक्शन. आपला बोडे प्लॉटचा फंडाच, फक्त हर्ट्झच्या जागी एका मिलिमीटरमध्ये किती रेषाजोड्या बसतात ते. आणि साखळीत जेवढे टप्पे, तेवढ्यांचे आकडे एकमेकांना गुणायचे. समजा, एखाद्या बारीक पट्टीसाठी लेन्स ०.३ आणि सेन्सर ०.८, तर हातात येतात ०.२४. आता पैसे खर्च करून सेन्सर ०.९ चा आणला तर होतात ०.२७. पण तोच सेन्सर ठेवून लेन्स ०.६ ची आणली तर एकदम ०.४८! साखळीतला सगळ्यात वाईट टप्पा बाकीच्यांचं भवितव्य ठरवतो. (ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

सरांनी मला एक आठवडा प्रयोग करायला लावला. एम, अपॅरेटस, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन, अगदी सबमिशनसारखं. कॉरिडॉरच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, कारण त्याहून बारीक टाइप होस्टेलमध्ये मिळत नाही. ट्रायपॉड लावला, फोकस हाताने केला, आणि एकेका ॲपर्चरला एकेक मिनिट रेकॉर्ड केलं. एकदा बुरशीवाला झूम, एकदा सरांची स्वतःची ५० मिलिमीटरची साधी लेन्स. पान दोन्हींत सारख्याच आकाराचं दिसेल एवढं अंतर बदलायचं. जाणायेणाऱ्या मुली विचारायच्या, "खोली भाड्याने शोधतेयस का गं?"

ऑब्झर्व्हेशन्स अशी. झूम पूर्ण ३०० वर आणि ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ ५.६, म्हणजे नाटकाच्या दिवशीचीच अवस्था. अक्षरं म्हणजे करड्या मुंग्यांची रांग, काळ्या मथळ्याच्या कडेला जांभळट-हिरवी झाक. वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश लेन्सला एकाच जागी आणता येत नाही म्हणून ती झाक. एफ ११ ला मुंग्या जरा माणसाळल्या, कारण ॲपर्चर लहान केलं की काचेच्या कडेकडेने येणारा वाकडातिकडा प्रकाश कापला जातो. बुरशीचा पांढुरका थर मात्र हलला नाही. मला वाटलं, मग आणखी बंद करूया. एफ २२ केलं, तर सगळं पान पुन्हा मऊ!

इथे फिजिक्स आडवं येतं. भोक जितकं लहान तितका प्रकाश जास्त पसरतो, डिफ्रॅक्शन. एका बिंदूचं चित्र बिंदू येत नाही, छोटी चकती येते. तिचा व्यास म्हणजे २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफ नंबर. हिरव्या प्रकाशासाठी, म्हणजे ०.५५ मायक्रॉनसाठी, एफ ८ ला ही चकती साधारण १०.७ मायक्रॉनची आणि एफ २२ ला जवळजवळ ३० मायक्रॉनची. आमच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर, त्यात ३८४० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ५.८ मायक्रॉन. एक बिंदू पाच पिक्सेलवर सांडला तर फोर के घेऊन काय चाटायचंय?

आणि ५० ची लेन्स? एफ १.८ ला मध्यभाग बरा, कोपरे ढिले. एफ ४ ला पान असं काही उठलं की सात आकडी फोन नंबर सोडा, दहा आकडी मोबाइल नंबर धडाधड वाचता आले. मग मी मुद्दाम ती लेन्स लावून साध्या फुल एचडीत रेकॉर्ड केलं आणि त्याच टीव्हीवर झूमच्या फोर केशेजारी लावलं. एक चतुर्थांश पिक्सेल असूनही फुल एचडी सरळ सरळ जिंकलं. आमची दिग्दर्शिकासुद्धा येऊन बघून गेली. म्हणाली, "आता पुढच्या वर्षी?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मी पहिल्या रांगेत बसणार, ५० ची लेन्स घेऊन." ती हसली. मला जरा बरं वाटलं.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण मग दिवाळीची सुट्टी लागली आणि मी दोन्ही क्लिप्स पेन ड्राइव्हमध्ये घेऊन साताऱ्याला घरी गेले.

पाडव्याच्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले होते. मी आधी नाटक लावलं. बाबा म्हणाले, "महाबळेश्वरला शूटिंग केलंस काय? धुकं पडलंय." आई म्हणाली, "जाऊ दे हो, पहिलाच प्रयत्न आहे." आणि खुर्चीतून आजी म्हणाली, "छान दिसतंय की! काय वाईट आहे त्यात?"

मला वाटलं, माझी बाजू घेतेय. आजीच ती. मी म्हटलं, "अगं आजी, हे बिघडलेलं आहे. थांब, तुला चांगलं दाखवते." मी ५० मिलिमीटरची क्लिप लावली. वर्तमानपत्राचं पान टीव्हीभर कडक उभं राहिलं. "आता सांग, फरक दिसतो ना?"

आजी पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "दोन्ही सारखंच तर आहे गं."

मी पुन्हा पहिली लावली. पुन्हा दुसरी. "सारखंच," आजी म्हणाली. बाबा हसले, आई फराळाचं बघायला उठली. माझ्या हातातला रिमोट मात्र तसाच राहिला. कारण गेला महिनाभर मी हेच गणित करत होते. ०.३ ची लेन्स आणि ०.६ ची लेन्स यांतला फरक कधी दिसत नाही? साखळीत पुढे असा एखादा टप्पा बसलेला असेल, जो दोघांचंही सारखंच करडं करून टाकतो. माझ्या साखळीत कॅमेरा होता, टीव्ही होता. शेवटचा टप्पा मी धरलाच नव्हता. तो समोर खुर्चीत बसला होता.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. लक्ष्मीपूजनाला आजी म्हणाली होती, "यंदा पणत्यांभोवती केवढी मोठी वर्तुळं पडलीत उजेडाची." आम्हाला वाटलं, कौतुकाने म्हणतेय. दोन दिवसांत भातात मला दोनदा खडा लागला होता. तांदूळ आजीच निवडते, अजून कुणाला हात लावू देत नाही. आई म्हणाली होती, दुकान बदलायला हवं. खडा माझ्या दाताला लागला, डोक्यापर्यंत काही गेला नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अग्रलेख. दोन वर्षं झाली, मी घरी असले की सकाळी आजी पेपर माझ्या हातात द्यायची. "कॉन्व्हेंटने तुझं मराठी पार वाया घालवलंय. रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचायचा." मी कुरकुर करत वाचायची. 'क्षितिज' आणि 'संदिग्ध'ला अडखळायची. ती उच्चार सुधारायची, मध्येच म्हणायची, "आता ती खालची बातमी पण वाच, जोडाक्षरं आहेत तिच्यात." मी होस्टेलवर आले तरी फोनवर चालू, "आज काय वाचलंस? वाचून दाखव." मला वाटायचं, माझ्यासाठी करतेय. माझं मराठी खरंच सुधारलं, हा लेख त्यामुळेच लिहितेय. पण...

रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आजी अंदाजाने दुधावर ताट झाकत होती. मी म्हटलं, "आजी, तुला पेपर वाचता येत नाही ना?"

"चष्मा सापडत नाहीये."

"तुझ्या डोळ्यांवरच आहे."

ती हसली. मग पाटावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "डोळे गेले म्हटलं की तुझी आई मला गॅसपाशी उभी राहू देणार नाही. काळजीपोटीच, मला माहीत आहे. पण मग दिवसभर मी करू काय? आणि म्हातारपणी असंच दिसत असेल, असंही वाटलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू वाचतेस छान. मला त्याचीही सवय लागली होती."

मला काय बोलावं कळेना. सगळ्या घरात लेन्सवर प्रयोग केलेली मी एकटीच होते आणि ती दोन वर्षं माझ्यासमोर बसून होती.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यात जास्त. "पिकू द्यायचा का अजून?" आजीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते जुने दिवस गेले आजी, आता पिकायची वाट बघत नाहीत." मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या लेन्समधली प्रथिनं गुठळ्या धरतात आणि प्रकाश विखुरतो. अगदी आमच्या कपाटातल्या झूमसारखं! पणतीभोवतीचं वर्तुळही त्यामुळेच. फरक एवढाच, की डोळ्यातली लेन्स बदलता येते. यामागची गोष्ट वाचून मी थक्क झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे तुकडे घुसले. हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरच्या लक्षात आलं, की डोळा त्या तुकड्यांना नाकारत नाही. मग १९४९ साली लंडनमध्ये त्याने त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. १९६७ साली चार्ल्स केल्मनने जुनी लेन्स अल्ट्रासाउंडने फोडून छोट्या छेदातून ओढून काढायची युक्ती आणली. आणि मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेच्या ऑरोलॅबने १९९२ पासून अशा लेन्स आपल्याकडे स्वस्तात बनवायला घेतल्या. आजीच्या डोळ्याची लांबी आधी यंत्राने मोजली, त्यावरून लेन्सचा नंबर काढला. घडी घालून आत सोडायची, आत गेल्यावर आपोआप उलगडणारी, जेमतेम सहा मिलिमीटरची लेन्स. आमच्या झूमपुढे चिमुकली!

डिसेंबरमध्ये उजवा डोळा झाला, जानेवारी २०२५ मध्ये डावा. दुसऱ्या वेळी मी घरी होते. चौथ्या दिवशी आजी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "अगं, तुझ्या तोंडावर किती पुटकुळ्या! मेसमध्ये तळकट खातेस का?" मग भिंतीकडे बघून आईला म्हणाली, "ही भिंत पांढरी आहे? मी समजत होते पिवळट रंग दिलाय." तिची निळी साडी तिला नव्याने निळी दिसली. रंगसुद्धा दोन वर्षं फिल्टर होऊनच येत होते.

मी हळूच पेन ड्राइव्ह काढला. नाटक लावलं. आजीने दोन मिनिटं पाहिलं आणि सरळ म्हणाली, "हे गं काय काढलंयस? सगळं धुरकट! त्या बिचारीचे डोळेसुद्धा दिसत नाहीत."

माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यात वाईट प्रतिक्रिया. मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

आता क्लबच्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि दर महिन्याला मागून बॅटरी मारून बघतो. नाटकाचं रेकॉर्डिंग तसंच आहे, त्याचं काही होणार नाही. तुम्हाला एकच सांगते. सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना मोबाइलवर एक स्पष्ट आणि एक धूसर व्हिडिओ दाखवा, आणि फरक विचारा. "दोन्ही सारखंच" असं उत्तर आलं, तर हसण्यावारी नेऊ नका.

आजी आता पेपर स्वतः वाचते. तांदूळही निवडते. फोनवर मात्र अजून विचारते, "आज काय वाचलंस? वाचून दाखव." मी दाखवते. हा अंक छापून आला की पहिली प्रत तिलाच पाठवणार आहे. माझ्या सगळ्या वेलांट्या आता तिला दिसणार, याची तेवढी धास्ती आहे!

तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन